खाली घेतली नाही

शेवंते, तुझी खाट घरातच आहे. हे आधी सांगतो, बाकीचं मागून. खिडकीखाली आहे, उशी समुद्राकडे, तू लावून घेतली होतीस तशी. मी तिच्यावरच निजतो. माझ्या बाजूला मी, तुझ्या बाजूला तुझी गोधडी. आळीत कुजबुज आहे की म्हातारा बिघडला. बिघडला तर बिघडला. सुताराला लाकडाची भीती घालायला येऊ नका म्हणावं.

तू चाललीस त्या दुपारी तुझा भाऊ गजा उंबऱ्यातूनच ओरडला, "भावजी, बघताय काय? खाली घ्या तिला!" माणूस जायला लागलं की त्याला खाटेवरून उतरवून जमिनीवर घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. जीव खाटेवर गेला तर ती खाट घरात ठेवत नाहीत, दान तरी देतात नाहीतर जाळतात. सगळं खरं. पल्लवीने लगबगीने लादीवर गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पान आणलं. सून आहे बिचारी, सांगतील ते करते. गजाने तुझ्या पायाकडची बाजू धरली आणि माझ्याकडे बघायला लागला, मी खांदे धरीन म्हणून.

मी नाही धरले. तुझा उजवा हात खाटेच्या बाजूच्या लाकडावर होता. अंगठा मागेपुढे, मागेपुढे. जन्मभर चिंधीचा बोळा घेऊन लाकूड घासलंस, तो हात जाता जाताही कामाला लागला होता. आणि मला म्हणालीस, "पॉलिशचा एक हात राह्यलाय हितं."

तेवढंच बोललीस. देवाचं नाव नाही, पोराला जवळ बोलावणं नाही. पॉलिश!

मी गजाला म्हटलं, "हात लावू नको. लादी गार हाय. तिला गार सोसत न्हाय."

"आता गार काय न ऊन काय, भावजी? तिला गती नको मिळायला?"

"तिची गती ती बघंल. तू तुझी बघ."

तू खाटेवरच गेलीस. मी खाली घेतली नाही. कुणी विचारलं तर तोंडावर सांगतो, आणि आता इथे लिहूनही ठेवतो.

गंमत बघ. आपण दोघांनी मेलेल्यांच्या खाटांवर संसार केला. कुठल्या घरात म्हातारं गेलं, वाडी विकायला निघाली, पोरं मुंबईला नाहीतर आखातात गेली, की आपला टेम्पो दारात. खाटा, फडताळं, पेटारे, आरामखुर्च्या. वरचा हिरवा तेली रंग खरवडायचा, मोडका खूर बदलायचा, किडीच्या भोकांत औषध सोडायचं, मग तू लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये भिजवून बसायचीस, आणि तुझ्या हाताखालून सागवान असं बाहेर यायचं की देणारे स्वतःची वस्तू ओळखायचे नाहीत. काही खाटा तर व्यापाऱ्यांच्या मार्फत न्हावा शेव्याहून बोटीने कुठल्या कुठल्या मुलखात गेल्या. आता नवी दुकानं निघाली आहेत, ती पोरं नव्या लाकडाला साखळीने बडवतात, चहाचं पाणी पाजतात आणि जुनं म्हणून विकतात. आपण ते कधी केलं नाही. आपलं जुनं ते खरंच जुनं.

पण जुनं म्हणजे कुणाचं तरी. आणि खाट विकणाऱ्या प्रत्येक घराने आपल्याला एकच गोष्ट ऐकवली. आठवतं? आपण खाट टेम्पोत चढवायचो आणि कुणीतरी मागून यायचं, आवाज खाली करून, "तशी काय शंका नको हां. आजोबांना आधीच खाली घेतलं होतं." प्रत्येक घरात खाली घेतलं होतं. मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत या किनाऱ्यावर आजवर खाटेवर कुणी मेलेलंच नाही, शेवंते. सगळे कसे वेळेवर, शहाण्यासारखे जमिनीवर उतरून मेले.

मला ते चालायचं. ते म्हणाले खाली घेतलं, मी म्हटलं घेतलं असेल. गिऱ्हाइकाने विचारलं नाही तर मी सांगितलं नाही. तुला ते चालायचं नाही. तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही.

ती पुण्याची जोडी आठव. नवा बंगला बांधला होता त्यांनी काशिदच्या बाजूला. कातीव खुरांचा पलंग बघून बाई नुसती विरघळली होती. "किती कॅरॅक्टर आहे ना याला," म्हणाली नवऱ्याला. नवरा मोबाइलवर फोटो काढत होता. व्यवहार झाल्यात जमा. मी दोरी आणायला वळलो आणि तू पदराला हात पुसत पुढे आलीस.

"बाय, एक सांगायचं हाय. ह्याच्यावर मानूस गेलंय. चालेल?"

बाईचा हात पलंगावरून असा उडाला, जसा काही चटका बसला. नवऱ्याने मोबाइल खिशात घातला. "आम्ही जरा विचार करून सांगतो," म्हणाले. अजून विचार करताहेत.

मी तुझ्यावर किती ओरडलो. "अगं, कशाला बोललीस? आजाला खाली घेतलं होतं असं त्यांनी सांगितलं ना?"

"खाली घेतलं होतं व्हय? मग उशाकडची फळी घामानं काळी कशी पडली? तो म्हातारा म्हयनाभर त्या फळीला धरून बसला असंल. हातानं सांगितलं मला."

"तुझा हात सांगतो ते गिऱ्हाइकाला ऐकवायची गरज काय?"

"ज्याच्या जिवावर आपलं पोट हाय, त्याचं निदान येवडं तरी बोलायचं. तो व्हता, तो ह्याच्यावर निजला, ह्याच्यावर गेला. त्यात लाज कसली?" आणि मग तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "ज्या खाटंवर कोन मेलं न्हाय, ती खाट जुनी कसली ओ?"

मी आणखी जोरात ओरडलो.

लोकांना जुनं पाहिजे, शेवंते, पण मेलेलं नको. दिवाणखान्यात आजा-पणजाची शोभा पाहिजे, पण तो पणजा खोकला, कण्हला, त्याने त्या गादीवर घाण केली आणि एक दिवस डोळे मिटले, हे नको. मी म्हणायचो, जगाला पाहिजे ते विकावं. तू म्हणायचीस, येईल एक जण. खरं ऐकून "चालेल" म्हणणारा एक ना एक दिवस येईल. मी म्हणायचो, तो येईपर्यंत आपण दोघं खाटेवर जाऊ. घे, निम्मं खरं झालं.

आणि खरं सांगणारं एकच घर आपल्याला भेटलं. मुरुडच्या हमीदाबीचं. त्यांचा जुना व्यापार, पोरं कतारला, घर बंद करायला काढलेलं. माडीवरची ती खाट, सागवानी, उशाकडे कोरलेली वेल, खूर असे की मी कातलेले असते तरी अभिमान वाटला असता. तू नेहमीसारखं विचारलंस, "हिच्यावर कोन..."

तू वाक्य पुरं करायच्या आत हमीदाबी म्हणाली, "माझी सास. ह्याच्यावरच इंतकाल झाला तिचा. मी बाजूला बसली होती, तिचा हात माझ्या हातात होता." मग तुझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यात काय चालत नाय काय शेवंतीबाय? आमच्यात तसला काय नाय. मौत अल्लाच्या हातात. लाकडाचा काय गुन्हा?"

टेम्पोत तू त्या खाटेवर बसून आलीस. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, तू मागे उघड्यावर, एखादी राणी निघाल्यासारखी. घराशी उतरलीस आणि म्हणालीस, "ही विकायची न्हाय. ही आपली."

"अगं, मरण झालंय तिच्यावर."

"म्हंजी पक्की हाय. मानूस तोलून झालाय."

पहिले काही दिवस मी पडवीत चटईवर झोपलो. भीत नव्हतो, फक्त तुला हरवायचं होतं. पाठ धरली आणि गुपचूप आत आलो. तू फक्त सरकलीस. तेवढं सरकणं मला पुष्कळ झालं. कधी बोललो नाही तुला. आता बोलून ठेवतो.

तर गजाचं ऐक. तू गेल्यापासून त्याने एकच धोशा लावला. खाट काढा, खाट काढा. मी त्याला म्हटलं, "गजा, तुझ्या ओटीवरचा झोपाळा कुठला?" म्हणाला, "तुमच्याकडचाच की." म्हटलं, "त्याचा मालक त्याच्यावर बसल्या बसल्या गेला. पान खाता खाता. तोंडातलं पानसुद्धा गिळलं नव्हतं. तुझ्या बहिणीनं तेव्हाच तुला सांगितलं व्हतं."

"झोपाळ्याचं तसं काय नसतं, भावजी."

झोपाळ्याचं नसतं! शास्त्र कसं सोयीने लाकूड बघून चालतं बघ.

दहाव्याला खाडीवर गेलो. दिनेशने पिंड मांडले. पोरगं न्हावा शेव्याच्या यार्डातून रजा काढून आलेलं, डोकं भादरलेलं, मला ते एकदम लहान दिसायला लागलं. सुरूच्या झाडांवर कावळे बसलेले, पण एक खाली येईना. तुला माहीत आहे कसं असतं. कावळा शिवेना की एकेक जण पुढे होतो आणि मेलेल्याला वचनं देतो. पल्लवी म्हणाली, "आये, घराकडं माझं लक्ष हाय, बाबांचं जेवणखान बघीन." कावळे गप्प. दिनेश म्हणाला, "आये, दर शनवारी येईन." एकाने मान वळवली, पण बसून राहिला. मला हसू आलं. तुला ठाऊक होतं ना, दर शनिवारी कोण येतं ते.

मग गजा पुढे झाला. हात जोडून, मोठ्याने, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं, "ताय, काय चिंता करू नको! तुझी खाट आजच घराभायेर काढतो! दान देतो! जीव अडकवू नको!"

कावळ्यांनी पाठ फिरवली, शेवंते. सगळ्यांनी. एक तर उडून पलीकडच्या होडीवर जाऊन बसला.

ऊन चढत होतं. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. मग मीच उठलो. गुडघा कटकन वाजला. म्हटलं, "शेवंते, खाट कुटं जात न्हाय. मी हाय तंवर खाट कुनाच्या बापाला देत न्हाय."

होडीवरचा तो कावळा सरळ आला आणि पिंडावर बसला. भातात चोच घातली ती वर काढीना.

भटजी खोकल्यासारखं करून हसले. गजाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. आता मला कळतं, कावळा भुकेला होता आणि ऊन झालं होतं. मी काही एवढा वेडा नाही. पण त्या दिवशी कावळा माझ्या बाजूने बोलला, मी कशाला नाही म्हणू?

गजा मात्र गजाच. आम्ही खाडीवर असतानाच त्याने दोन माणसं आणि टेम्पो घराकडे धाडला होता. कावळा काय म्हणतो याची वाटसुद्धा बघितली नव्हती. मी घरी येतो तर पल्लवीची आई दारातच म्हणाली, "नेली खाट. भटजींच्या घरी पोचती केली." कुणाकडे न बघता आत गेलो.

खिडकीखाली तुझी खाट होती. जागची हललीही नव्हती.

गेली होती ती पडवीतली, कामाला घेतलेली खाट. अर्धी खरवडलेली, निम्मी हिरवी निम्मी पांढरी, एका खुराला भोकं पडलेली. टेम्पोवाल्यांनी घरात शिरून दोन्ही बघितल्या आणि आपापसात ठरवलं म्हणे, "आतली चकचकीत ती गिऱ्हाइकाची असनार. आजारी बाईची ही. सुताराच्या घरात सुताराची खाट मोडकीच असती." म्हणीवर माणसं किती विश्वास ठेवतात! तू तुझी खाट जन्मभर अशी ठेवलीस की लोकांना ती तुझी वाटलीच नाही. तुझ्या हातानेच तुझी खाट राखली.

तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. एकटाच, खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबून.

दिनेश मागून आत आला. लहानपणापासून त्याच खाटेवर उड्या मारलेलं पोरगं, त्याला कळणार नाही? त्याने खाटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाहेर मामा सांगत होता, "सुटली ताय, मोकळी झाली." दिनेश खाटेवर बसला, बाजूच्या लाकडावरून हात फिरवला, आणि उठून दार ओढून घेतलं, आतलं कुणाला दिसू नये म्हणून. पोरगं आपलंच आहे गो. शनिवारी न येईना का.

गजा, वाचत असशील तर वाच. तू दान दिलीस ती तुझ्या तायची खाट नव्हती. तुझी ताय मोकळी व्हायची ती तुझ्या टेम्पोची वाट बघत थांबली नव्हती. आणि भटजींना कुणीतरी सांगा, डाव्या खुराला औषध सोडायचं राहिलंय.

तेराव्याला बायकांनी तुझी लुगडी-पातळं वाटायला काढली. मी म्हटलं, नवी न्या, जरीची न्या, कोरी न्या. विटकी, फाटकी मला ठेवा. त्यांना वाटलं म्हातारा उराशी धरून रडणार. पॉलिशला नवं कापड चालत नाही, ते लाकडाला ओरखडतं. अंगावर वापरून वापरून मऊ झालेलं सुती पातळच लागतं, हे त्यांना कोण सांगणार? या किनाऱ्यावर जिथे जिथे आपलं लाकूड चमकतंय, तिथे तुझं कुठलं ना कुठलं पातळ झिजलंय. अजून झिजेल. मी काम बंद करणार नाही. म्हातारा झालो, आता पडवीत बसून राम राम कर, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल स्वतः करावा.

आता मोठी गोष्ट. यासाठीच लिहायला बसलो.

पडवीतली ती खाट कुणाची होती, तुला ठाऊक नसेल. दिवेआगरच्या सायलीची. खोल्या भाड्याने देते, मागे सुपारीची वाडी. तू आत पडून होतीस तेव्हा ती येऊन ठरवून गेली. तू बोलायच्या परिस्थितीत नव्हतीस, मी बोलायच्या मनःस्थितीत नव्हतो, म्हणून त्या खाटेवर कोण गेलं ते तिला कुणी सांगितलं नाही. तेराव्यानंतर ती आली. आधी हात जोडले, तुझ्याबद्दल दोन शब्द नीट बोलली, मग इकडेतिकडे बघायला लागली. "काका, माझी खाट?"

"दान दिली."

"माझी खाट? दान?"

मी सगळं सांगितलं. ती हसावं की रडावं अशी बघत राहिली. मग दारातून तिला तुझी दिसली. सरळ आत गेली. वेलीवर हात फिरवला. बाजूच्या लाकडावर बोट थांबलं. "इथलं पॉलिश गेलंय," म्हणाली.

"जाऊ दे गेलंय ते."

"काका, मग हीच द्या ना मला."

मला राग आला. पण दारात आलेल्या बाईला हाकलायचं कसं? मग तुझा उपाय आठवला. तुझं ते वाक्य, ज्याने आपली गिऱ्हाइकं पळायची. म्हटलं, आज कामाला येऊ दे. तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, "ह्याच्यावर माझी बायको गेली. खाली घेतली न्हवती. शेवटपर्यंत ह्याच्यावरच व्हती. चालेल?"

आणि हात बाहेरच्या दाराकडे केलाच होता.

ती बसली, शेवंते. तुझ्या खाटेवर. तुझ्या बाजूला, गोधडी हलकेच सरकवून. मग म्हणाली, "वादळात आमच्या वाडीतल्या सगळ्या सुपाऱ्या झोपल्या. पत्रे उडाले. आजेसासरे खाटेवर होते, त्यांना कुठे न्यायचं, कसं न्यायचं? सगळीकडे पाणी. ते खाटेवरच गेले. वादळ ओसरल्यावर लोक मदतीला आले आणि पहिलं काय म्हणाले माहितीये? खाट जाळा. घरात कोरडा कपडा नव्हता, चूल पेटत नव्हती, पण खाट जाळली आम्ही. त्याच खाटेवर बसून ते माझ्या पोरीला केळीच्या सोपटाच्या होड्या करून द्यायचे." मग मान वर करून म्हणाली, "चालेल, काका. मला चालेल."

ऐकलंस? चालेल म्हणाली.

इतकी वर्षं तू ज्याची वाट बघितलीस तो शब्द आपल्या घरात, तुझ्या खाटेवर बसून कुणीतरी उच्चारला. आणि ऐकायला मी. ज्याने पैज लावली होती की असा माणूस जन्मालाच आलेला नाही. तू जिंकलीस, शेवंते. मी तुझ्यापुढे कधी हरलो नाही, वाद अर्धा टाकून पडवीत जाऊन रंधा मारत बसायचो. पण हे लिहून देतो. तू जिंकलीस.

आणि तरी मी तिला म्हटलं, "नाही देणार."

ती म्हणाली, "मी तर चालेल म्हटलं ना?"

"तुला चालेल. मला नाही चालणार."

तुला राग येईल. "वस्तूनं फिरतं ऱ्हायला पायजे, साठवून ठेवली की ती वाळवीची," असं तू म्हणायचीस. तुझंच तत्त्व, तुझंच वाक्य, तुझंच गिऱ्हाईक, आणि मी आडवा पडलो. हो, पडलो. सगळ्या जगाने म्हटलं खाट काढ, मी काढली नाही. आता तू म्हणशील काढ, तरी काढणार नाही. रीतीचं ऐकलं नाही, तुझं कशाला ऐकू? जिवंतपणी कधी ऐकलं होतं?

पण सायलीला मोकळ्या हाताने जाऊ दिलं नाही. शेडमध्ये मागे ती चौलची खाट होती ना, जाड पायांची, तुला फार आवडलेली. तिच्याकडे नेलं. आणि ती विचारायच्या आत मीच बोलायला लागलो. ही एका नारळवाल्याची. घरच्यांनी सांगितलं खाली घेतलं होतं. पण माझी बायको म्हणायची, न्हाय, हा ह्याच्यावरच गेला, हे बघ इथे धरून बसायचा, लाकूड गुळगुळीत झालंय. तिने हात लावून बघितला. मीही लावला. इतकी वर्षं ती खाट माझ्या शेडमध्ये होती आणि त्या जागेवर मी हात लावला तो त्या दिवशी. तू सांगायचीस तसंच होतं. तिथे कुणाचातरी हात होता.

सायली ती घेऊन गेली. मी पॉलिश करून दिलं, पण ती जागा तशीच ठेवली. तिनेच सांगितलं तसं. आता येईल त्या गिऱ्हाइकाला मीच सांगतो, तोंडावर, तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. परवा एक जण पळाला. पळू दे. मला मजा येते.

आणि तुझा तो राहिलेला एक हात. चपडा भिजवला होता. तुझ्या जांभळ्या पातळाची चिंधी घेतली, बोळा बांधला, खाटेजवळ बसलो. तुझा अंगठा जिथे मागेपुढे झाला तिथे लाकूड उघडं पडलंय, बोटभर, जास्त नाही. दोनदा बोळा फिरवला की चकाकलं असतं. शेवटचं तुझं तेवढंच मागणं होतं. बोळा तसाच वाळून गेला. नाही मारला मी हात, शेवंते. ते झाकायचं नाही.

दिनेश, तुला सांगून ठेवतो, तोंडी सांगितलं तर मामापुढे विसरशील. मी जायला लागलो की मलाही खाली घ्यायचं नाही. लादी मलाही गार लागते. गजा खांदे धरायला आला तर त्याला झोपाळ्यावर बसवून चहा द्या. मग खाट विक. जाळू नको, दान देऊ नको, विक, तुझ्या आईची तीच रीत होती. फक्त घेणाऱ्याच्या डोळ्यात बघून सांगायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं:

"हमीदाबीची सास ह्याच्यावर गेली. माझी आई ह्याच्यावर गेली. बाप पण ह्याच्यावरच गेला. कुणालाच खाली घेतलं नाही. चालेल?"